दोन घड्यांची चिठ्ठी

मी बोलतेय ती प्रार्थनामंदिरामागच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर बसलेली लाकडी पेटी. बायका मला नुसतं "पेटी" म्हणतात. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काळजीचा आहे. ज्यांच्या पोटात दुसऱ्यांची गुपितं असतात, त्यांना निवांत झोप कुठली लागायला?

माझा जन्म एका दाराच्या उरलेल्या फळीतून झाला. सुतार कामात पक्का होता, पण त्या दिवशी त्याला घरी जायची घाई होती. त्याने माझ्या डोक्यावर एक अरुंद फट कापली, इतकी अरुंद की चिठ्ठी आत जावी, पण कुणाची बोटं जाऊ नयेत. तळाशी खिळे ठोकताना एक खिळा तिरका गेला आणि त्याचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं आत आलं. सुताराने बोट लावून पाहिलं आणि म्हणाला, "आतून कोण बघतंय?" मी बघत होते. तेव्हापासून तो खिळा माझ्या पोटात सलतो आहे.

दर बुधवारी दुपारी तीनला या खोलीत बायकांची प्रार्थनासभा भरते. ज्यांच्या मनात काही असेल त्यांनी चिठ्ठी लिहून माझ्यात टाकायची, नाव घालायचं नाही. मंडळींची एक जुनी रीत आहे. चिठ्ठीला एकच घडी घातली असेल तर ती सगळ्यांसमोर वाचायची आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. दोन घड्या असतील तर ती फक्त पाळकबाईंनी वाचायची, एकटीनेच देवापुढे ठेवायची आणि घरी जाऊन चुलीत घालायची. इतकी वर्षं ही रीत सुरळीत चालली होती, म्हणून तर कुणाला तिची भीती वाटत नव्हती.

पाळकबाई म्हणजे आमच्या पाळकसाहेबांची, चर्चच्या पाद्रींची, बायको. मोतीबिंदूमुळे त्यांना कमी दिसतं. त्या माझं झाकण उघडून मला उलटी करून हलवतात, चिठ्ठ्या टेबलावर पाडतात आणि बोटांनी चाचपून वेगळ्या करतात. जाड त्या आपल्या पिशवीत, पातळ त्या मास्तरीणबाईंपुढच्या ताटलीत.

मास्तरीणबाई बायकांच्या या मंडळाच्या चिटणीस आहेत. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण शाळा त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. खणखणीत आवाज, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वाचायला लागल्या की पूर्णविराम आल्याशिवाय थांबायचं नाही. मध्ये कुणी खोकलं तरी त्या अशा बघतात की खोकणारीने पुढचा खोकला गिळून टाकावा.

आणि तिसऱ्या रांगेत, भिंतीच्या कडेला बसायची ती इस्त्रीवाली. हिच्याचसाठी मी आज तोंड उघडलं आहे.

ती एका मोठ्या धोबीखान्यात दवाखान्याच्या चादरींना इस्त्री करते. दिवसभर वाफेत उभी राहून तिचे हात कोपरापर्यंत लाल झालेले असतात. घरी ती आणि बारा वर्षांची मुलगी. नवरा दूरच्या बंदरावर नोकरीला आहे, असं ती सांगायची. बायका विचारायच्या, पाच वर्षं झाली, एकदाही कसा आला नाही? ती म्हणायची, सुट्टीच मिळत नाही. त्यावर लठ्ठ नर्सबाई एकदा म्हणाल्या होत्या, असली कसली मेली कंपनी, माणसाला घरचं तोंड दाखवत नाही? सगळ्या हसल्या. इस्त्रीवालीही हसली, पण तिचे हात मांडीवर चादर नसताना चादर घडी केल्यासारखे चालले होते.

एका मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून परस्पर इथे आली. तिने चिठ्ठी आणली होती ती धोबीखान्यातल्या पिवळ्या लेबलाच्या पाठीवर लिहून. गठ्ठ्यांना बांधायची ही लेबलं सगळ्या मंडळीत फक्त तिच्याकडे असतात, हे तिच्या लक्षातच आलं नाही. नाव लिहिलं नाही म्हणजे झालं, असं तिला वाटलं. दोन घड्या तिने नखाने दाबून अशा घातल्या की इस्त्री केल्यासारख्या बसल्या. मग इकडेतिकडे बघून तिने चिठ्ठी फटीत सारली, अडली तेव्हा बोटाने ढकलली, आणि डोळे मिटून क्षणभर हात माझ्यावर ठेवला. तो हात गरम होता.

चिठ्ठी खाली पडली ती नेमकी त्या खिळ्यावर.

दुसऱ्या दिवशी पाळकबाई मला हलवू लागल्या. बाकीच्या चिठ्ठ्या भराभर पडल्या. पिवळी पडेना. खिळ्याने तिचा एक पदर धरून ठेवला होता. त्यांनी मला आणखी जोराने हलवलं, पदर ओढला गेला, वरची घडी उलगडली आणि एका घडीची होऊन ती टेबलावर पडली. पाळकबाईंनी चाचपली, पातळ लागली, ताटलीत टाकली. मला ओरडता आलं असतं तर मी त्या दिवशी छप्पर डोक्यावर घेतलं असतं.

मास्तरीणबाईंनी आधी कुणाच्या गुडघेदुखीची चिठ्ठी वाचली, मग कुणाच्या मुलाच्या परीक्षेची. मग पिवळी उचलली आणि त्याच आवाजात सुरू केलं.

"माझा नवरा बंदरावर नाही, तुरुंगात आहे. दारू पिऊन त्याने कारखान्यातल्या माणसाचं डोकं फोडलं. त्याआधी तो मार मलाच पडायचा. महिन्याभरात तो सुटतोय. त्याने घरी येऊ नये, अशी प्रार्थना माझ्या तोंडून निघते. हे पाप असेल तर देवा, मला क्षमा कर."

पहिल्या ओळीला आवाज खणखणीत होता. दुसऱ्या ओळीला थोडा पडला. पण थांबला नाही, पूर्णविरामापर्यंत गेला. लेबलाची छापील बाजू बायकांकडे होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरांत "चादरी" असं लिहिलं होतं. एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या आपापल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिल्या, आणि तेच जास्त वाईट होतं.

इस्त्रीवाली उठली, भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेली, चपला हातात घेतल्या आणि तशीच अनवाणी निघून गेली. मास्तरीणबाईंनी चिठ्ठी घाईघाईने परत माझ्या फटीत कोंबली. आत टाकली म्हणजे न वाचल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं की काय, देव जाणे.

त्यानंतरचे तीन आठवडे मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, आणि ती मूठ माझ्या पोटातल्या खिळ्याने उघडली होती. बुधवारी बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, पण माझ्यात चिठ्ठी पडेना. दोन घड्यांची नाही, एका घडीचीही नाही. ज्या पेटीवर भरवसा नाही तिच्यात कोण काय टाकणार? मी पोटात ती एकच पिवळी चिठ्ठी घेऊन बसून होते.

खिडकीबाहेर फाटक आहे, तिथलं बोलणं मला ऐकू येतं. कुणी म्हणे, मास्तरीणबाईंनी मुद्दाम वाचली. कुणी म्हणे, ती बाई आम्हाला पाच वर्षं बनवत होती. एक जण म्हणाली, "सुट्टी देत नव्हती ती कंपनी हीच होय!" आणि दोघी हसल्या. मग त्याच दोघी आत येऊन गुडघ्यांवर बसल्या. मी माणसांना नावं ठेवत नाही, पण त्या दिवशी मी लाकडाची आहे याचं मला बरं वाटलं.

इस्त्रीवाली आलीच नाही. नर्सबाईंकडून कळलं की मुलीने शाळेत जाणं बंद केलं आहे. मुलीला बाप कुठे आहे ते पहिल्यापासून माहीत होतं. शाळेत तीही आईसारखीच बंदराची गोष्ट सांगत होती, आणि आता ती गोष्ट तिच्या अंगावर आली होती. मला एकच विचार सुटेना. महिना संपत आला. तो माणूस सुटेल, जिना चढेल, दार वाजवेल, आणि आत या दोघी एकट्या असतील. माझ्यामुळे आता त्यांना हाक मारायलाही कुणी उरलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एक दिवस भर दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, ती आली. पाळकबाई बाकं पुसत होत्या. तिने नमस्कार केला नाही, बसलीही नाही.

"माझी चिठ्ठी द्या," ती म्हणाली. "मला ती फाडायचीय."

पाळकबाईंनी फडकं खाली ठेवलं, माझं झाकण उघडलं आणि आत हात घातला. चिठ्ठी लागली, पण येईना. त्यांनी आणखी खोल चाचपलं आणि हात झटकन मागे घेतला. बोटाला रक्त आलं होतं.

"खिळा आहे गं इथे," त्या हळूच म्हणाल्या. "यानेच तुझी घडी उघडली. मला पातळ लागली ती. मी म्हणतेय, मला कसं कळलं नाही."

माझा जीव भांड्यात पडेल असं मला वाटलं होतं. अखेर खरं काय ते बाहेर आलं, आता सगळं मिटेल. पण इस्त्रीवाली तशीच उभी होती.

"खिळ्याने घडी उघडली असेल, बाई. तोंड काही खिळ्याने उघडलं नाही."

पाळकबाईंनी तिला बाकावर बसवलं आणि त्या एका आजारी बाईची गोष्ट काढली. बारा वर्षं दुखणं लपवत जगलेली, गर्दीत मागून येऊन येशूच्या वस्त्राला चोरून हात लावणारी. लपून निघून जाणार होती, पण येशूने तिला सगळ्यांसमोर बोलतं केलं. लाज काढायला नव्हे, तर सगळ्यांसमोर तिला मुलगी म्हणायला. पाळकबाई चांगल्या मनाने सांगत होत्या, पण मला वाटलं, बाई, थांबा, आत्ता नको.

"तिला येशूने विचारलं होतं," इस्त्रीवाली म्हणाली. "मला कुणी विचारलं?"

पाळकबाईंनी बोटावरचं रक्त पदराला पुसलं.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "आमचं चुकलं. त्याच्यावर शास्त्राचं पांघरूण घालायला नको होतं मी."

तेव्हा कुठे इस्त्रीवाली रडली. आवाज न करता, पदर तोंडात धरून. मग तिने जे विचारलं ते तिला तीन आठवडे पोखरत होतं. नवऱ्याने घरी येऊ नये असं मागणं पाप आहे का? क्षमा करायची म्हणतात, सत्तर गुणिले सात वेळा करायची म्हणतात. मग दार उघडायला हवं का? पोरगी आत असताना?

"क्षमा करणं वेगळं आणि कडी काढणं वेगळं," पाळकबाई म्हणाल्या. "क्षमा तुझ्याच्याने होईल तेव्हा होईल, देव त्याची वाट बघेल. कडीचं म्हणशील तर तुझ्या जिवावर बेतत असताना ती काढ, असं त्याने कुठे सांगितलेलं मला तरी माहीत नाही. कधी सुटतोय तो?"

"या बुधवारी. दुपारी पोचेल."

बुधवारी दुपारी म्हणजे सभेच्याच वेळी. पाळकबाईंच्या मनात काय आलं ते मला चेहऱ्यावर दिसलं, पण त्यांनी ते परस्पर ठरवलं नाही. त्यांनी विचारलं. सभा तुझ्या घरी घेतली तर चालेल का? आणि मास्तरीणबाईंना सांगू, की त्यांना वगळू?

इस्त्रीवालीने डोळे पुसले. सुट्टी संपल्याचा धोबीखान्याचा भोंगा वाजला तरी ती बसून होती.

"त्यांना सांगाच," ती म्हणाली. "वाचलंय त्यांनी, आता येऊही दे त्यांनाच."

आणि खिळ्यावरून चिठ्ठी सोडवून, न फाडताच ती घेऊन निघून गेली.

त्या बुधवारी मी जन्मात पहिल्यांदा ती खोली सोडली. नर्सबाईंनी आदल्या दिवशी चमच्याने तो खिळा वाकवून चपटा केला होता आणि मास्तरीणबाईंनी मला फडक्यात गुंडाळून छातीशी धरलं होतं. रस्ताभर त्या पुटपुटत होत्या. माफीचं भाषण त्यांनी कागदावर लिहून पाठ केलं होतं. दुकानावरचा अरुंद जिना चढून गेलो. इस्त्रीवालीने दार उघडलं.

"मला पहिल्याच ओळीला कळलं होतं," मास्तरीणबाईंच्या तोंडून भलतंच निघालं. भाषण राहिलं बाजूला. "कळूनही मी वाचत गेले. अर्ध्यात थांबणं मला कधी जमलंच नाही. माझी चूक खिळ्याहून मोठी आहे."

इस्त्रीवालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आत या," ती म्हणाली. "पाय पुसून या, आत्ताच फरशी पुसलीय."

दोन खोल्यांचं घर ते. चौदा बायका पलंगावर, फरशीवर, इस्त्रीच्या टेबलाच्या कडेला जागा मिळेल तशा बसल्या. फाटकाशी हसलेल्या दोघींपैकी एक आली होती, एक आली नव्हती. मुलगी आईला चिकटून होती. ठरलं असं होतं की पाळकसाहेबांनी तुरुंगाच्या दारातच त्या माणसाला गाठायचं आणि बेकरीमागे त्याच्यासाठी बघितलेल्या खोलीवर न्यायचं. म्हणजे इकडे तो यायचाच नाही. मी जरा सैल झाले होते.

तेवढ्यात पाळकबाईंचा फोन वाजला. चुकामूक झाली होती. त्याला तासभर आधीच सोडलं होतं आणि तो एकटाच निघाला होता.

मग गाणं सुरू केलं, पण एकीचा सूर दुसरीला मिळेना. खाली कुणाचं पाऊल वाजलं की गाणं तिथेच थांबायचं. पोस्टमन येऊन गेला, दुकानदाराचा माल आला. मास्तरीणबाईंच्या मांडीवर मी होते आणि त्या माझ्या फडक्याची टोकं पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या.

मग जिन्यावर पावलं आली. जड, सावकाश, प्रत्येक पायरीवर थांबणारी. मुलीने कानांवर हात ठेवले. दारावर थाप पडली.

इस्त्रीवाली उठली. साखळी तशीच ठेवून तिने दार चार बोटं उघडलं. मला त्या फटीतून एक हात दिसला आणि एक कापडी पिशवी. हात वाळलेला होता.

"उघड," तो म्हणाला.

"नाही उघडणार." तिचा आवाज बारीक होता, पण मध्येच तुटला नाही. "बेकरीमागे तुमची राहायची सोय केलीय. पाळकसाहेब येतीलच, ते नेतील तुम्हाला."

"पाच वर्षांनी आलोय मी."

"माहीत आहे. मी पण पाच वर्षं मारावाचून जगलेय."

त्याचा हात चौकटीवर आला. मला वाटलं, आता ढकलतोय. पण त्याने ढकललं नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याचं लक्ष खाली गेलं असावं, कारण दाराबाहेर चपलांचा ढीग पडला होता.

"आत कोण आहे?"

"माझ्या बहिणी."

"तुला कुठल्या बहिणी?"

खरंच होतं ते. एकुलती एक मुलगी ती, माहेर कधीच संपलेलं. साखळीवरचा तिचा हात सैल पडताना मी पाहिला.

मास्तरीणबाई उठल्या. मला हातात धरून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, वर्गात शिरल्यासारख्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"आम्ही," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. एवढंच बोलून थांबल्या.

त्यांच्यामागे नर्सबाई उठल्या, मग पाळकबाई, मग ती फाटकाशी हसलेली. जरा वेळाने चौकटीवरचा हात दिसेनासा झाला आणि पावलं खाली गेली. खाली पाळकसाहेबांचा धापा टाकणारा आवाज आला, मग दोघांचे आवाज लांब जात गेले.

इस्त्रीवाली दाराला पाठ लावून खाली बसली. मुलगी तिच्या मांडीवर पडली. पाळकबाईंनी विचारलं, प्रार्थना करायची का, कशासाठी करायची ते तू सांग. सगळ्यांना वाटलं ती स्वतःसाठी सांगेल, पोरीसाठी सांगेल.

"जिना उतरून गेले, त्यांच्यासाठी करा," ती म्हणाली. "माझ्याच्याने अजून होत नाही. तुम्ही करा."

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. तो बेकरीत कामाला लागला आहे. रविवारी मागच्या बाकावर येऊन बसतो आणि कुणाशी न बोलता जातो. दारू सुटली आहे म्हणतात. सुटलीच असेल असं मी धरून चालत नाही. साखळी अजून दाराला आहे. मुलगी शाळेत जाते आणि बाप कुठे आहे असं कुणी विचारलं तर बेकरीत म्हणून सांगते.

मीही परत माझ्या टेबलावर आहे. चिठ्ठ्या हळूहळू पडू लागल्या आहेत. मास्तरीणबाई आता आधी मनात वाचतात, चिठ्ठी पुन्हा ताटलीत ठेवतात आणि विचारतात, ही वाचलेली चालेल का? कुणी नको म्हटलं नाही, तरच वाचतात. वेळ लागतो, सभा लांबते, नर्सबाई घड्याळाकडे बघतात.

माझी काळजी काही गेली नाही. पेटीचा जन्म आहे, ती जायची नाही. पण तुम्हाला एक मागणं आहे, बायांनो. कुणाची लाज चुकून तुमच्या हाती आली, तर ती चुलीत घालून मोकळ्या होऊ नका आणि फाटकाशीही नेऊ नका. तिच्या घरी जाऊन बसा, आणि जाण्याआधी तिला विचारा.

गेल्या बुधवारी इस्त्रीवालीने पहिल्यांदा सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडाने प्रार्थना केली. मुलीसाठी केली, धोबीखान्यातल्या बायांसाठी केली. मग नवऱ्याच्या नावापाशी आली आणि अडली. पुढे काय मागावं ते तिला सापडेना. मास्तरीणबाईंच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं मी पाहिलं, पण त्यांनी ते गिळलं. कुणी तिला शब्द पुरवले नाहीत, कुणी घाईने आमेन म्हटलं नाही.

ते वाक्य अजून तिथेच थांबलं आहे. आम्ही वाट बघतोय.